मणभर गुळाची मन्नत

माझ्या सासूबाई आयशाबी यांनी जन्मात एकच मन्नत मागितली आणि मागताना आकडा बोलून बसल्या. लोक दर्ग्यावर जातात, चादर चढवीन म्हणतात, चार फकिरांना जेवू घालीन म्हणतात आणि मोकळे होतात. आमच्या अम्मा पडल्या कुरखेड्याच्या ठोक व्यापाऱ्याच्या घरच्या. मोहफुलं, हिरडा, चारोळी हे सगळं आमच्या अंगणात पोत्यांनी यायचं, काट्यावर चढायचं आणि ट्रकमध्ये बसून निघून जायचं. मापाशिवाय बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

माझा ताबिश सातव्या महिन्यातच झाला, गडचिरोलीच्या दवाखान्यात. माझ्या नवऱ्याच्या, शफीच्या, एका तळहातावर मावेल एवढा. लग्नानंतर कित्येक वर्षांनी घरात पाळणा बांधायची वेळ आली होती आणि डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस निघाले तर बघू. अम्मांनी नातवाला काचेच्या पेटीत पाहिलं, एसटी पकडली आणि थेट कुरखेड्याच्या नदीपलीकडच्या दर्ग्यावर जाऊन पदर पसरला.

"बाबा, हे लेकरू राहू दे. सात वर्साचं झालं का उरुसात मणभर गुळानं तोलीन."

आमच्याकडे असं लेकरू तोलणं काही नवं नाही. उरुसाच्या दिवशी एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ टाकायचा, आणि लेकरू जेवढं भरेल तेवढा गूळ आलेल्या सगळ्यांना वाटायचा. बाकीचे लोक शहाणे. ते "लेकराच्या भारंभार" म्हणतात, आकडा बोलत नाहीत. अम्मांनी मण म्हटलं. मण म्हणजे चाळीस किलो. पेटीतल्या त्या एवढ्याशा जिवाकडे पाहताना तेव्हा कुणालाच हिशेब सुचला नाही. मलाही नाही. तो जगला, घरी आला, आणि मी म्हटलं, मणभर कशाला, ट्रकभर वाटा.

हिशेब सुचला तो ताबिश चार वर्षांचा झाल्यावर, आणि अर्थातच अम्मांनाच सुचला. सात वर्षांचं पोर चाळीस किलो भरत नाही, हे त्यांनी शेजारपाजारची पोरं उचलून उचलून ताडलं होतं. त्या दिवसापासून माझ्या घरात एक कारखाना सुरू झाला. सकाळी साय घातलेलं दूध, त्यात वरून तूप. शाळेत जाताना खिशात बुंदी. शाळेतून आला की दुकानातला बिस्किटाचा पुडा, मग भात, मग शिरा. मी काही बोलले की अम्मा म्हणायच्या, "सातव्या महिन्यातलं लेकरू होय ते. त्याची भरपाई कोन करन?"

आणि गावही त्यांच्याच बाजूचं. कुरखेड्याला गुबगुबीत पोर म्हणजे घरची इज्जत. बाया त्याचे गाल ओढायच्या, खात्यापित्या घरचा म्हणायच्या. मीही सुरुवातीला खूश होते, खोटं कशाला बोलू. कुणाला आवडत नाही आपलं लेकरू भरलेलं दिसलेलं? पण सहाव्या वर्षी तो गोदामाच्या चार पायऱ्या चढून धापा टाकायला लागला. झोपेत असा घोरायचा की शफी उठून बघायचा. शाळेतली पोरं त्याला पोतं म्हणायची, आणि तो बिचारा त्यांच्यासोबत हसायचा. त्या हसण्याने माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

त्याच्या मानेवर एक काळा पट्टा उमटला होता. अम्मांना वाटायचं मळ आहे. रोज आंघोळीच्या वेळी बेसन लावून, लिंबू लावून त्या घासायच्या. पोर ओरडायचं, मान लाल व्हायची, पट्टा तसाच. "हे कुठी लोळते कोन जाने," अम्मा म्हणायच्या. दिवाळीनंतर एक दिवस मी ताबिशला घेऊन गडचिरोलीची गाडी पकडली. अम्मा मागे कशाला राहतात, त्याही आल्या.

तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी मान पाहिली आणि विचारलं, "आजी, हे कशाने घासता?"

"बेसनानं, जी. मळ निघतच नाई."

"हा मळ नाही, आजी. अंगाला गोडधोड पेलेनासं झालं की असा पट्टा येतो. हे पोर असंच वाढत राहिलं तर मिशी फुटायच्या वयात मधुमेहाच्या गोळ्या खाईल."

मग त्यांनी ताबिशला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि चौतीस किलो म्हणून सांगितलं. मी ताबिशला चटकन खाली उतरवलं. अम्मांचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"म्हंजे सहाच राह्यले," त्या म्हणाल्या.

डॉक्टर बाईंना काही कळेना. मी त्यांना मन्नतीचं सांगितलं. हसल्या असत्या तर मला राग आला असता, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याला उपाशी ठेवू नका. वजन आहे तिथेच थांबू द्या, थोडं उतरलं तरी चालेल. उंची वाढेल, पोर आपोआप सुधारेल. साखर, बुंदी, बिस्कीट बंद. शाळेत पायी पाठवा, खेळू द्या." आणि मग अम्मांकडे वळून म्हणाल्या, "आजी, चाळीस मात्र होऊ देऊ नका. तुमच्या हातात आहे."

परतीच्या गाडीत अम्मा एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय? घरी येऊन मी बुंदीचा डबा कामवालीला देऊन टाकला, तर दुसऱ्या दिवशी अम्मांच्या तांदळाच्या कोठीत नवा डबा निघाला. तो काढला तर त्यांच्या बुरख्याच्या खिशातून खजूर निघाले. मी त्याला पायी शाळेत पाठवायचे, तर वळणावर अम्मांनी सांगून ठेवलेला रिक्षावाला उभा. मी भांडले. अम्मा भांडल्या. शफी गोदामात गेला. घरात आवाज चढला की त्याला गोदामात उंदीर झाल्याचं आठवतं.

"गूळ वाटायचाच आहे ना?" मी अम्मांना म्हटलं. "चाळीस किलो वाटा. पोर कितीही भरो."

"मी वाटीन नाई बोलली, तोलीन बोलली. तोलनं म्हंजे दोन पारडे बराबर. तुह्या नवऱ्याले विचार, व्यापारी आहे."

"मग बाबांना सांगा, चुकून बोलले."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई हट्टाला पेटलेली नाही, ती घाबरली आहे. "नसीम, तू पेटीतला ताबिश बाहेरून पाह्यला. मी बाबाजवळ जबान देऊन त्याले बाहेर काढलं. आता जबान खाली पडली तर बाबा आपली चीज वापस घेईल. मग तू काय डाक्टरनीजवळ जाशीन?"

मी चिमूरची, दहावी शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी. मला हसू यायला हवं होतं. पण ज्या आईने आपलं पोर काचेतून पाहिलं आहे तिला अशा बोलण्यावर हसू येत नाही. त्या दिवशी मलाही भीती वाटली. एकीकडे डॉक्टर बाई सांगतात चाळीस झाला तर पोर हातचं जाईल, दुसरीकडे सासू सांगते चाळीस नाही झाला तर पोर हातचं जाईल. आणि उरूस होता मोहाच्या हंगामानंतर, उन्हाळ्यात.

मी दर्ग्याच्या मुजावराकडे, जाहिदचाचांकडे गेले. म्हटलं, तुम्ही अम्मांना समजवा, मन्नत कमी करून द्या. चाचा चिंचेखाली खाटेवर पडले होते. ते उठून बसण्याचा विचार करून परत पडले. "बेटी, मन्नत अम्माची आन ऐकनारे बाबा. मी चिराग लावनारा मानूस. मी मधात पडलो तर दोघंही माह्यावर नाराज."

असा तो हिवाळा गेला. मी ताबिशच्या ताटातलं काढायची, अम्मा घालायच्या. तरी बरं, चालणं मी सोडलं नाही. मी स्वतः त्याच्यासोबत शाळेपर्यंत जायची, रिक्षावाल्याला मी असं काही सुनावलं की तो आमची गल्लीच विसरला. हळूहळू ताबिशची चड्डी कमरेला सैल व्हायला लागली. मला ते पाहून आनंद व्हायचा आणि अम्मा ती चड्डी वाळत घालताना डोळे पुसायच्या.

याच दिवसांत नीलाबाई जास्त यायला लागली. नीलाबाई आणि तिचा नवरा पत्रू जंगलातल्या एका गोंड पाड्यावर राहायचे. थोडं धान, बाकी जंगल. बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर मोहाची टोपली आणि पाठीला लुगड्यात बांधलेली लेक दिव्या घेऊन चालत यायची. शफी माल तोलायचा, तोवर ती अम्मांजवळ ओट्यावर बसायची. अम्मांना पान लावून द्यायला आणि आपलं ऐकायला कुणीतरी हवं असायचं. नीलाबाई कमी बोलायची, म्हणून दोघींचं छान जमायचं.

दिव्या तीन वर्षांची झाली होती, पण ती चालताना मी पाहिली नव्हती. मोठे डोळे, तांबूस विरळ केस, हाताच्या काड्या. तिला बिस्कीट दिलं तर ती ते हातात धरून बसायची. तिच्या गावच्या अंगणवाडीच्या ताई एकदा बाजारात भेटल्या तेव्हा माझ्याजवळ रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "ही बाई पोरीला तोलूच देत नाही हो. वजन नाही तर मी वर काय कळवू? जास्तीचा आहार मागू कशाच्या भरवशावर?"

मी नीलाबाईला विचारलं. माझ्या बोलण्यात थोडा चढा सूर होता, घरातला राग माणूस कुठेतरी काढतोच. "काऊन तोलू देत नाई गं? काटा काय चावते काय?"

तिने आपली टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "भाभी, काट्यावर जे चढते ते आमच्या गावातून जाते. मोहा गेला, हिरडा गेला. माह्या चंदनले तोललं होतं अंगनवाडीत. त्याच पावसाळ्यात तो गेला. हिले नाई तोलत मी."

चंदन तिचा मोठा मुलगा. त्याला तोललं तेव्हा तो आधीच आजारी असणार, म्हणूनच तोललं असणार, हे मला सांगता आलं असतं. पण तिने ते इतक्या सरळ सांगितलं की मी उठून आत जाऊन चहा टाकला. अम्मा मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"पगली," अम्मा म्हणाल्या, पण मायेने. "काटा काटा एक नसते. उरुसाचा काटा वेगळा. तिथी जे लेकरू बसते ना, त्याले बाबा नेत नाई. ठेवते. म्हनून तर मी आकडा बोलली."

नीलाबाईने मान हलवली. पटल्याची की नुसतीच, ते कळलं नाही.

उरूस आला. ऊन रणरणत होतं, पण नदीपलीकडे दुकानं लागली होती, रेवड्या, बांगड्या, पाळणे. आमच्या भागात दर्ग्यावर सगळेच येतात, कुणी कुणाला जात विचारत नाही. शफीने गोदामातला मोठा तराजू आणला होता आणि पत्रूने चिंचेच्या फांदीला तो टांगायला हात लावला होता. गुळाच्या ढेपी शफीने स्वतः मोजून रचल्या, पुरे चाळीस किलो. दुसरं पारडं रिकामं लोंबत होतं.

अम्मांनी ताबिशला हिरवा कुर्ता घातला होता. सकाळी त्यांनी त्याला भात खाऊ घातला, वर दोन तांबे पाणी पाजलं, आणि मी सगळं पाहूनही गप्प राहिले. नदी ओलांडताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "वरवंटा बांधनार होती त्याच्या कमरेले. मंग म्हटलं, बाबाले कोन फसवते." मी त्यांचा हात धरला. कोरडा, गरम हात होता. त्या म्हाताऱ्या बाईवर मला एवढी माया कधी आली नव्हती.

शफीने ताबिशला उचलून पारड्यात बसवलं. साखळ्या कुरकुरल्या. ताबिशचं पारडं थोडं खाली आलं आणि थांबलं. गुळाचं जमिनीलगतच राहिलं. लोक बघत होते. ताबिश पाय गोळा करून बसला होता, त्याला कळत होतं की आपल्याकडून काहीतरी कमी पडतंय. तो माझ्याकडे पाहून हसला, तेच शाळेतलं हसणं.

"अजून सरक, बाबू, मधात सरक," अम्मा म्हणाल्या. त्याने सरकून पाहिलं. पारडं हललं आणि पुन्हा तिथेच आलं.

अम्मा खाली बसल्या. तिथेच, धुळीत. त्या मोठ्याने रडल्या नाहीत, नुसतं म्हणत राहिल्या, "गेलं माहं लेकरू. मी बोलली आन मीच खाली पडली. गेलं." कुणीतरी म्हणालं, काही ढेपी काढून घ्या. अम्मांनी ऐकलंच नाही. शफी काट्याची दोरी धरून उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. मी पोराला उचलून घ्यायला पुढे झाले. माझ्या डोक्यात एकच होतं, उद्यापासून ही बाई त्याला पुन्हा खाऊ घालेल, पुढच्या उरुसापर्यंत घालेल, आणि या वेळी मी तिला अडवू शकणार नाही, कारण तिचं हे रडणं मी पाहिलं आहे.

तेवढ्यात नीलाबाई गर्दीतून आली. तिने पाठीवरचं लुगडं सोडलं होतं. पत्रू मागून काहीतरी गोंडीत बोलला, तिने वळून पाहिलं नाही. ती अम्मांसमोर उकिडवी बसली.

"अम्मा, या काट्यावर बसलेलं लेकरू बाबा ठेवते म्हनता ना?"

अम्मांनी वर पाहिलं. "हो."

"मंग माही बी बसवा."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने उठून दिव्याला ताबिशच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं आणि आपले दोन्ही हात तोंडावर घेतले. चंदनच्या आईने आपलं उरलेलं लेकरू काट्यावर चढवलं होतं, आणि त्या गर्दीत ते काय होतं हे समजणाऱ्या आम्ही दोघीतिघीच होतो.

पारडं जेमतेम हललं.

मला वाटलं होतं, एक पोरगी बसली म्हणजे बराच फरक पडेल. सगळ्यांनाच वाटलं असेल. आयुष्यभर पोती पाहिलेल्या अम्मांना मात्र क्षणात कळलं. त्या धुळीतून उठल्या, पारड्याजवळ गेल्या आणि दिव्याचा दंड आपल्या दोन बोटांत धरून पाहिला. बोटं एकमेकांना सहज लागली.

"एवढीच?" त्या म्हणाल्या. "नीला, ही एवढीच आहे?"

ताबिशने दिव्या पडू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ती त्याच्या कुर्त्याचं बटण ओढत होती.

शफीने तराजूसोबत आणलेली लोखंडी मापं काढून एकेक लेकरांच्या पारड्यात ठेवून पाहिली. दोन किलोचं माप पडलं तेव्हा काटा मधोमध आला. "अम्मी, दोनच कमी आहे," तो हळूच म्हणाला. "मापं राहू देऊ काय?"

"काढ ते," अम्मा म्हणाल्या. आवाज पुन्हा घरातल्यासारखा झाला होता. त्यांनी दर्ग्याकडे तोंड केलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. "बाबा, मी एक लेकरू बोलली होती. तू दोन बसवले. आता हे दोन्ही तुह्या हवाली. राह्यले दोन किलो, ते मी या पोरीवर भरते. पुढच्या उरुसाले मोजून घे." मग जाहिदचाचांकडे वळल्या. "चालते ना?"

चाचा उभे होते, हेच आश्चर्य. ते म्हणाले, "अम्मा, तुमचं आन बाबाचं. मी चिराग लावनारा मानूस."

गूळ वाटला. पाळण्यावरची पोरं, बांगडीवाले, पत्रूच्या पाड्यावरून आलेले सगळे, कुणी हात आखडला नाही. नीलाबाई दिव्याला छातीशी घट्ट धरून चिंचेखाली बसली होती. तिने मला विचारलं, "भाभी, हे जाईल तर नाई ना आता?" मी म्हणाले, "कुठी जाते? अम्माच्या मन्नतीत बसली ते. आता तिले जाऊ देईन काय अम्मा?" मी हे धीर द्यायला म्हटलं होतं, पण म्हणता म्हणता माझ्याच ध्यानात आलं की हे अगदी खरं आहे. आयशाबींनी ज्याच्यावर डोळा ठेवला त्या लेकराला हलके राहण्याची परवानगी नसते.

दुसऱ्याच दिवशी अम्मांनी फर्मान काढलं, आणि मी नीलाबाईला आणि दिव्याला घेऊन गडचिरोलीला गेले. पत्रूला मी भीत भीत विचारलं होतं. तो म्हणाला, "तोलली तर तोलली. आता जिती ठेवा." डॉक्टर बाईंनी दिव्याला काट्यावर ठेवलं तेव्हा नीलाबाईने डोळे मिटले, पण पोरीला मागे ओढलं नाही. रक्त फार कमी होतं, पोटात जंत होते, जुना हिवताप मुरलेला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. दिव्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. मी घरून डबे पाठवत राहिले. नीलाबाई तिथून परत आली तेव्हा अंगणवाडीच्या ताई तिला घ्यायला स्टँडवर आल्या होत्या, आणि आता तोलायला ती नाही म्हणाली नाही.

पण खरी गंमत आमच्या ओट्यावर सुरू झाली. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा द्या. अंडं, शेंगदाणे, डाळ, वरून तेल. अम्मांना असा हुकूम देणारा माणूस उभ्या जन्मात भेटला नव्हता. बाजाराच्या दिवशी त्या सकाळपासून तयारीला लागायच्या. नीलाबाईला यायला उशीर झाला की मला रस्त्यावर बघायला पाठवायच्या. जाताना शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं बांधून द्यायच्या आणि पत्रूने खाल्ले तर बघ म्हणून दम भरायच्या. दिव्या सुरुवातीला घास तोंडात धरून ठेवायची. मग एक दिवस तिने अम्मांचा हात ओढून स्वतः तोंडाशी नेला. अम्मा त्या दिवशी ते सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या.

पाऊस संपत आला होता, धानाच्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. ओट्यावर अम्मा दिव्याला मांडीवर घेऊन अंडं भरवत होत्या. दिव्याच्या पायात आता बळ आलं होतं, ती दोनदा मांडीवरून उतरून पळाली आणि दोनदा पकडून आणली गेली. मी दारामागे सूप घेऊन तांदूळ पाखडत होते. ताबिश शाळेतून पायी आला, घामाघूम, शर्ट बाहेर आलेला. तो अम्मांजवळ उभा राहिला आणि ताटातल्या लाडवांकडे पाहू लागला.

"दादी, मले?"

अम्मांचा हात सवयीने लाडवाकडे गेला. माझं सूप थांबलं. मला वाटलं, झालं, इतक्या महिन्यांची मेहनत गेली. हात ताटावर तसाच थांबला. मग अम्मांनी तो हात उचलून ताबिशच्या घामेजल्या कपाळावर ठेवला.

"तुहा वाटा भरला, बाबू. आता इचा भरू दे. जा, खेळ."

तो गेला. मी दारामागे बसून रडले. सासूच्या बोलण्याने मी रडल्याची ती काही पहिली वेळ नव्हती, पण बाकीच्या वेळी कारण वेगळं असायचं.